आकडा खोटा, बोल मात्र हाताला!

मैत्रिणींनो, भाजणी करपली, केक वरून काळा अन् आतून कच्चा राहिला, की घरात पहिला प्रश्न कोणता येतो? ‘लक्ष कुठे होतं तुझं?’ ओव्हनला हा प्रश्न कुणी विचारत नाही. शेगडीला नाही, भट्टीला नाही. विचारतात ते तिच्यासमोर उभ्या असलेल्या बाईला!

घरच्या चार माणसांच्या स्वयंपाकात हे चालून जातं. आपणही हसून सोडून देतो. पण हल्ली आपल्यातल्या कितीतरी जणी नानकटाई, खारी, टोस्ट, शेंगदाण्याची चटणी, भाजक्या डाळी असा उद्योग करतात. बचत गटाचं कर्ज काढून विजेचा ओव्हन किंवा रोस्टर घेतात. तिथे एक ट्रे करपला तर पीठ, तूप, साखर, वीज आणि दिवसभराची मेहनत एकदम कचऱ्यात जाते. वर ‘कुणाच्या हातून झालं’ याची चर्चा, ती वेगळीच. त्या चर्चेत एका छोट्याशा गोष्टीचं नाव कधीच निघत नाही. ती म्हणजे ओव्हनमधल्या सेन्सरपासून आकडे दाखवणाऱ्या डब्यापर्यंत जाणाऱ्या दोन तारा.

आज या दोन तारांबद्दलच लिहायचं आहे. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केला, लग्न होऊन कुर्डुवाडीत आले आणि घरातल्याच पुढच्या खोलीत टेम्परेचर कंट्रोलर दुरुस्तीचं काम सुरू केलं. ‘बाई दुरुस्ती करते?’ असं विचारत येणारे आता नुसतेच ‘ताई, हे बघा ना’ म्हणत येतात. माझ्या टेबलावर येणाऱ्या दहा डब्यांतले निम्मे तरी बिघडलेले नसतातच. बिघाड असतो तो जोडणीत.

रुखवताची ऑर्डर

आमच्या भागातल्या चौघीजणींनी मिळून नानकटाईचा उद्योग सुरू केला. पत्र्याची शेड, विजेचा ओव्हन, एक मोठं लाकडी टेबल. हिवाळ्यात माल छान उतरला. मे महिन्यात लग्नसराई आली आणि रुखवताच्या नानकटाईची मोठी ऑर्डर मिळाली. आणि नेमका तेव्हाच माल करपायला लागला! तोही रोज नाही आणि दिवसभरही नाही. सकाळचे पहिले दोन ट्रे सोन्यासारखे. दुपारचे मात्र खालून काळे.

दुपारच्या पाळीला ओव्हनजवळ धाकट्या वहिनी असायच्या. त्यामुळे निष्कर्ष काय निघाला असेल, ते तुम्हाला सांगायला नको. ‘हिचं लक्ष नसतं, फोन बघत बसते.’ त्या बिचारीने दोन दिवस फोन घरी ठेवून पाहिला, तरी नानकटाई करपलीच. गटातल्या मोठ्या काकूंनी आपल्या अनुभवाने तोडगा काढला होता. ओव्हन एकशेसत्तरवर लावायचा, पण दुपारी एकशेपन्नासवर. काही ट्रे बरे निघाले, काही कच्चे राहिले. काकूंचा अंदाज चुकीचा नव्हता बरं का! चूक दुपारी वाढते, हे त्यांना बरोबर कळलं होतं. ती कशामुळे वाढते, एवढंच राहिलं होतं. शेवटी ‘वहिनींना पॅकिंगला बसवा’ असं ठरत होतं, तेव्हा वहिनीच माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, ‘ताई, एकदा ओव्हन बघता का? नसेल त्याचा दोष, तर मी गटातून बाहेर पडते.’

मी माझा हातातला मीटर आणि त्याचा स्वतःचा सेन्सर घेऊन गेले. भर दुपारी, ओव्हन चांगला तापलेला असताना, त्यांच्या सेन्सरच्या अगदी शेजारी माझा सेन्सर ठेवला. त्यांच्या डब्यावर आकडा होता १७०. माझ्या मीटरवर २००! तीस अंशांचा फरक. नानकटाईसाठी तीस अंश म्हणजे गुलाबी आणि काळ्यातला फरक.

दोन धातू आणि एक टोक

ओव्हनच्या आत जी पेन्सिलीएवढी स्टीलची नळी डोकावते ना, तिच्यात बहुतेक वेळा थर्मोकपल असतं. नाव मोठं, पण वस्तू फार साधी. दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडलेल्या, बस्स! जोडलेलं टोक तापलं आणि मोकळी टोकं थंड राहिली, की मोकळ्या टोकांमध्ये अगदी थोडा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज तयार होतं. १८२१ साली थॉमस सीबेक या शास्त्रज्ञाला हे बर्लिनमध्ये दिसलं. दोन धातूंच्या कड्याचा एक जोड तापवला की जवळची होकायंत्राची सुई हलते, एवढंच त्याने पाहिलं होतं. त्याला ते चुंबकत्व वाटलं. ती वीज आहे हे नंतर स्पष्ट झालं.

आपल्या ओव्हनमध्ये सहसा ‘के’ जातीचं थर्मोकपल असतं. त्यातली एक तार निकेल आणि क्रोमियमची, दुसरी बहुतांश निकेलची, थोडं ॲल्युमिनियम वगैरे घातलेली. एका अंशाला यातून साधारण चाळीस मायक्रोव्होल्ट मिळतात. म्हणजे पंचवीस अंशांचा फरक पडला की कुठे एक मिलिव्होल्ट. मोकळी टोकं बर्फाइतकी थंड ठेवली, तर दोनशे अंशांच्या ओव्हनमधून मिळतात जेमतेम आठ मिलिव्होल्ट. टॉर्चच्या एका सेलच्या साधारण एकशेऐंशीवा भाग! इतक्या हलक्या आवाजात बोलणाऱ्याचं म्हणणं नीट ऐकायचं, तर मध्ये कुणी गडबड करून चालणार नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. थर्मोकपल तापमान सांगत नाही, ते फरक सांगतं. तापलेलं टोक आणि मोकळी टोकं यांच्यातला फरक. समजा, मी तुम्हाला म्हटलं, ‘थोरली बहीण धाकटीपेक्षा बारा वर्षांनी मोठी आहे.’ सांगा बरं थोरलीचं वय! धाकटीचं वय माहीत असल्याशिवाय कसं सांगणार? पूर्वी प्रयोगशाळेत यावर सोपा उपाय असे. मोकळी टोकं बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवायची. म्हणजे धाकटीचं वय कायमचं शून्य! पण कुर्डुवाडीच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये बर्फ किती वेळ टिकणार?

म्हणून आकडे दाखवणाऱ्या डब्यात, तारा कसतात त्या स्क्रूंच्या जवळ, एक बारीकसा दुसरा सेन्सर बसवलेला असतो. तो तिथली उष्णता मोजतो, म्हणजे धाकटीचं वय विचारून ठेवतो. डबा दोन्हींची बेरीज करून ओव्हनचं तापमान दाखवतो. याला ‘कोल्ड जंक्शन कॉम्पेन्सेशन’ म्हणतात. कॉलेजची मुलं प्रोजेक्टला मॅक्स ६६७५ नावाची छोटी चिप वापरतात. तिच्यात हे बेरजेचं काम आतच होतं आणि आकडा पाव अंशाच्या टप्प्याने मिळतो. पण चिप कितीही हुशार असली, तरी ती बेरीज करते स्वतःजवळच्या तापमानाची. मधल्या वाटेत काय घडलं, ते तिला कळत नाही.

गाडी बदलली की हिशोब बदलतो

आमच्या गावातल्या जुन्या माणसांना हे पटकन समजतं. कुर्डुवाडी म्हणजे गाडी बदलण्याचं गाव! १८९७ साली इथून बार्शीला अडीच फुटी नॅरोगेज गाडी सुरू झाली, ती ‘बार्शी लाइट’. पुढे ती १९०६ साली पंढरपूरला पोचली. मुंबई-सोलापूरची मोठी गाडी ब्रॉडगेजची. त्यामुळे माणूस असो की पोतं, इथे उतरायचं आणि दुसऱ्या गाडीत चढायचं. रूळ बदलले की डबा तसाच पुढे जात नाही. आता सगळीकडे ब्रॉडगेज झालं, उतरण्या-चढण्याची ती धांदल गेली. पण थर्मोकपलच्या तारेला हा नियम आजही लागू आहे. जिथे तारेचा धातू बदलला, तिथे गाडी बदलली. आणि तिथे हिशोब ठेवणारं कुणी नसेल, तर वाटेत माल कमी भरणारच.

चौघींच्या ओव्हनचं असंच झालं होतं. सेन्सरची स्वतःची तार आखूड होती. ती ओव्हनच्या मागच्या बाजूला एका छोट्या जोडणीपाशी संपत होती. डबा मात्र उष्णतेपासून लांब असावा म्हणून समोरच्या भिंतीवर लावलेला. विचार चांगला होता. पण ओव्हन बसवून देणाऱ्याने मधलं अंतर जोडायला आपली घरात बल्बला वापरतात ती साधी तांब्याची वायर ओढली. तांबडी आणि काळी, छान टेप गुंडाळून. बघणाऱ्याला वाटावं, किती नीटनेटकं काम!

आता हिशोब बघा. ओव्हनच्या आत २०० अंश. ओव्हनच्या पाठीशी जिथे सेन्सरची तार संपते, तिथे दुपारपर्यंत तापून ७० अंश. डब्यापाशी शेडमधली उष्णता ४० अंश. इथे तीन बहिणी झाल्या: थोरली २००, मधली ७०, धाकटी ४०. थर्मोकपल सांगतं, थोरली मधलीपेक्षा १३० ने मोठी. पुढे मधली आणि धाकटी यांच्यातला फरक सांगायचं काम तारेचं. पण दोन्ही तारा तांब्याच्याच! दोघींमध्ये सारखाच दाब तयार होतो आणि तो एकमेकींना खोडून टाकतो. म्हणजे ती जोडी गप्पच बसते. डबा बिचारा १३० मध्ये धाकटीचे ४० मिळवतो आणि १७० दाखवतो. मधले ३० गेले ते गेलेच! आणि डब्याला १७० वर थांबायला सांगितलेलं असल्यामुळे तो हीटर तसाच चालू ठेवून ओव्हनला २०० पर्यंत नेतो.

मग सकाळी माल चांगला का? कारण सकाळी ओव्हनची पाठ अजून तापलेली नसते. मधली आणि धाकटी यांच्यात फारसा फरकच नसतो. दुपारी पाठ तापते आणि चूक वाढत जाते. म्हणूनच ‘वीस अंश कमी लावा’ हा तोडगा कधी लागू पडायचा, कधी नाही. चूक कायम तेवढीच असती, तर वजा करता आली असती. ही चूक तर तासातासाला बदलणारी!

तांब्याची वायर काढून तिथे ‘के’ जातीची कॉम्पेन्सेटिंग केबल ओढली. या केबलमधल्या तारा थर्मोकपलशी जुळणाऱ्या धातूंच्या असतात. म्हणजे कुर्डुवाडीला न उतरता थेट गाडी! साध्या वायरपेक्षा ती महाग पडते, पण करपलेल्या एका दिवसाच्या मालापेक्षा नक्कीच स्वस्त. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता पुन्हा मीटर लावला. दोन्ही आकडे दोन अंशांच्या आत. वहिनी काहीच बोलल्या नाहीत. ट्रे बाहेर काढला आणि काकूंच्या पुढ्यात ठेवला. काकूंनी एक नानकटाई मोडून खाल्ली आणि म्हणाल्या, ‘उद्यापण दुपारची पाळी तूच घे गं.’ आमच्याकडे माफी अशीच मागतात!

उलटसुलट तारा

अजून एक घोळ वारंवार दिसतो. थर्मोकपलला अधिक-उणे असतं, टॉर्चच्या सेलसारखं. डब्याशी तारा उलट्या जोडल्या, तर ओव्हन तापेल तसा आकडा खाली जातो. ही चूक लगेच लक्षात येते. खरी लबाड चूक ती, जिथे मधली केबल दोन्ही टोकांना उलटी जोडलेली असते. दोन उलट्यांचं सुलट झाल्यासारखं दिसतं. आकडा वर चढतो, सगळं ठीक वाटतं. पण मधल्या वाटेतला फरक मिळवायच्या ऐवजी वजा होतो. वरच्याच उदाहरणात तीसऐवजी साठ अंशांची चूक!

बरं, रंगावर विसंबावं तर तेही देशोदेशी वेगळे. अमेरिकन पद्धतीत ‘के’ केबलची पिवळी तार अधिक आणि लाल तार उणे. हो, लाल ही उणे! युरोपात चालणाऱ्या पद्धतीत हिरवी अधिक आणि पांढरी उणे. लाल म्हणजे अधिक, अशी सवय असलेला वायरमन इथे हमखास फसतो. यावर एक सोपी युक्ती आहे. ‘के’ थर्मोकपलची उणे बाजूची तार चुंबकाला चिकटते, अधिक बाजूची चिकटत नाही. फ्रिजवर लावायचं चुंबक चांगलं जोरदार असेल तर तेही चालतं. थर्मोकपलच्याच धातूंच्या एक्स्टेन्शन केबललाही ही युक्ती लागू पडते. काही स्वस्त कॉम्पेन्सेटिंग केबलचे धातू मात्र वेगळे असतात, तिथे दोन्ही तारा चुंबकाला दाद देत नाहीत. तेव्हा बिलावर केबलची जात लिहून घ्या.

चुकीच्या मापापेक्षा माप नसलेलं बरं

पुण्याच्या हवामान खात्यात १९४८ साली ॲना मणी नावाच्या शास्त्रज्ञ रुजू झाल्या. मूळच्या केरळच्या. हवामानाची उपकरणं आपल्याच देशात बनावीत आणि ती काटेकोर असावीत, यासाठी त्यांनी आयुष्य वेचलं. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात त्यांनी देशात सूर्याची उष्णता मोजणारी केंद्रं उभी केली. अशा मोजणीच्या उपकरणांत थर्मोकपलचीच एक माळ असते, बरेच जोड एकापुढे एक गुंफलेले. एकाचा आवाज हलका, म्हणून सगळ्यांचा मिळून ऐकायचा! चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं परवडलं, असं त्यांचं ठाम मत होतं.

मला हे फार पटतं. ओव्हनला आकडा नसता, तर काकूंनी वासावरून आणि रंगावरून नानकटाई काढली असती. आपल्या आज्यांनी चुलीवर तेच केलं. पण समोर लाल अक्षरांत १७० दिसत असताना बाई स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवत नाही, आणि इतर लोक त्या बाईवर ठेवत नाहीत. आकडा खरा आहे का, हे आधी बघायला हवं ते याचसाठी.

एवढं जरूर तपासा

• आधी मेन स्विच बंद करा, मगच डबा उघडायला सांगा. सेन्सरचे स्क्रू आणि २३० व्होल्टचे स्क्रू शेजारी-शेजारी असतात. सवय नसेल तर हे काम जाणकारालाच करू द्या, पण काय बघायचं ते तुम्ही सांगा.

• सेन्सरपासून डब्यापर्यंत तार सलग आहे का? मध्ये जोड असेल तर पुढची केबल सेन्सरच्याच जातीची हवी. साधी वायर चालणार नाही.

• डब्यातल्या सेटिंगमध्ये सेन्सरची जात बरोबर निवडली आहे का? ‘के’ सेन्सर लावून डबा ‘जे’वर ठेवला, तर सगळेच आकडे चुकतात.

• सेन्सरची तार हीटरच्या वायरींसोबत एकाच नळीतून नेऊ नका. आकडा विनाकारण नाचतो.

• डबा भट्टीच्या झोतात किंवा थेट पंख्याखाली नको. त्याच्या स्क्रूंपाशी तापमान स्थिर असलं की बेरीज बरोबर येते.

• बर्फाची परीक्षा घ्या. थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घालून हलवा, सेन्सरचं टोक त्यात बुडवा. आकडा शून्याच्या आसपास हवा. मग उकळत्या पाण्यात. कुर्डुवाडी समुद्रसपाटीपासून साधारण पाचशे मीटर उंच आहे, त्यामुळे इथे पाणी शंभरला नाही, अठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळतं. दोन अंश कमी दिसले म्हणून सेन्सर फेकू नका!

• ही परीक्षा ओव्हन थंड असताना पास झाली, म्हणून निर्धास्त होऊ नका. जोडाजवळची चूक ओव्हन तापल्यावरच दिसते. तेव्हा भर दुपारी, दुसरा मीटर शेजारी ठेवून एकदा ताडून पाहा.

• तार मध्येच तुटली तर चांगले डबे हीटर बंद करतात. पण दोन तारांचं आवरण घासून त्या मध्येच एकमेकींना चिकटल्या, तर डबा त्या जागेचंच तापमान दाखवतो आणि ओव्हन तापतच राहतो. म्हणून उष्णता हद्दीबाहेर गेली की वीज तोडणारा वेगळा थर्मोस्टॅट ओव्हनला असायलाच हवा.

आणि ज्यांच्या घरात दहावी झालेली, स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायची आवड असलेली मुलगी आहे, त्यांच्यासाठी एक निरोप. आयटीआयमध्ये ‘इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक’ हा दोन वर्षांचा ट्रेड असतो. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, दूध प्रकल्प आहेत, सोलापूरजवळ एनटीपीसीचं वीज केंद्र आहे. जिथे जिथे काही तापवतात, तिथे तिथे या दोन तारा नीट जोडणारं माणूस लागतं. ते माणूस बाई असायला काहीच हरकत नाही. हे काम ताकदीचं नाही, नजरेचं आहे.

तोवर आपण एवढं तरी करू या. पुढच्या वेळी ट्रे करपला, तर समोरच्या सुनेला, जावेला किंवा मैत्रिणीला बोल लावण्याआधी एकदा ओव्हनच्या मागे जाऊन ती तार बघू या.